रंग गेला म्हणून चादर नकली ठरत नाही

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘सांगानेरी छापाच्या (जयपूरजवळच्या सांगानेरच्या ठसाछपाईच्या) चादरीचा पहिल्या धुण्यात रंग गेला, तर ती सुती नाही, पॉलिएस्टर आहे.’ हे साफ चूक आहे. छपाईनंतर सुती धाग्यात न मुरलेला जादा रंग पहिल्या एक-दोन धुण्यांत उतरतोच. पॉलिएस्टरचा उलट सहसा सुटत नाही.

पंचवटीतल्या आमच्या घरी निळ्या बुट्ट्यांच्या चादरीने बादलीभर पाणी निळं केलं. कडेचा एक धागा चिमट्यात धरून पेटवला. जळक्या कागदाचा वास आला, बोटाने चुरली जाणारी मऊ राख उरली. पॉलिएस्टर असतं तर धागा वितळून कडक मणी झाला असता. मिश्र कापडात दोन्ही खुणा सापडतात.

पाच-सहा धुण्यांनंतरही रंग जात राहिला, तर छपाई कच्ची आहे. तेव्हा दुकानदाराला जरूर विचारा. तोवर चादर गार पाण्यात, वेगळी धुवा.