पुन्हा तेच करिअर मार्गदर्शन!

झालं! यंदाही शेवटच्या वर्षाच्या मुलांना दोन तास सभागृहात कोंबलं आणि ‘करिअर मार्गदर्शन’ उरकलं. पाहुणे आले, ‘पॅशन शोधा’ म्हणाले, गेले. अहो, शोधायची कुठे? बाकाखाली?

मग मुलं बायोडेटा घेऊन माझ्या टेबलाशी. सगळे एकाच साच्यातले: ‘मेहनती, टीममध्ये काम करण्याची आवड.’ एकीने तर नमुन्यातलं ‘येथे आपले नाव लिहा’ तसंच ठेवलं होतं. हसू की रडू! पण तिने दोन वर्षं वाचनालयाच्या नोंदी एकटीने सांभाळल्यात, आणि हे बायोडेटात लिहायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

फ्रँक पार्सन्सने १९०८ साली बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, तेव्हा तो एकेकाला समोर बसवून बोलायचा. आमचं अजून माइक टेस्टिंगच चाललंय.

पगारातून कपात कसली होते, नोटीस पिरियड म्हणजे काय, यावर अवाक्षर नाही. परवा एकाने विचारलं, “सर, ऑफर लेटरवरचा आकडा पूर्ण हातात येतो ना?” पोरगं महिनाभरात कामाला लागणार आहे!

आणि मला वरून निरोप काय, तर अहवालासाठी कार्यक्रमाचे फोटो पाठवा. लवकर.