क्वांटमने चिद्वाद सिद्ध केलेला नाही, आणि धर्मही नाही

एक युक्तिवाद हल्ली व्याख्यानांतून, व्हिडिओंतून सारखा कानावर येतो. बघणाऱ्याशिवाय कणाला निश्चित स्थान नसतं हे क्वांटम भौतिकशास्त्राने सिद्ध केलं, म्हणजे जग जाणिवेतून निर्माण होतं. मेंदूतून जाणीव कशी उपजते हे विज्ञानाला सांगता येत नाही, म्हणजे जडवाद, सगळं जड पदार्थातूनच घडतं हे मत, संपला. आणि जडवाद संपला की धर्म खरा ठरतो, नीतीलाही पाया मिळतो. चैतन्य हेच मूळ तत्त्व, ही चिद्वादाची भूमिका मला मनापासून विचार करण्याजोगी वाटते. म्हणूनच तिच्या नावावर चाललेली ही घाई मला खुपते.

आधी ‘बघणाऱ्या’चं पाहू. दोन फटींच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले तरी पडद्यावर ठिपके साठत जाऊन लाटांमुळे पडावेत तसे पट्टे उमटतात. इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला हे नोंदवायची सोय केली की पट्टे जातात. इथपर्यंत सगळं खरं आहे. पण नोंद होण्यासाठी कुणाचे डोळे लागत नाहीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्नातल्या एका प्रयोगात ७० कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवून बारीक फटींच्या जाळ्यांमधून सोडले होते. तापलेला रेणू वाटेत फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, बाहेर टाकतो आणि रेणू कुठे होता याची खूण त्या फोटॉनबरोबर निघून जाते. रेणू जास्त तापवले तसे पट्टे पुसट होत गेले. ते फोटॉन कुणी पाहत बसलं नव्हतं. भोवतालाशी संबंध आला एवढ्यानेच परिणाम झाला. मापनाचा सगळा प्रश्न यातून सुटत नाही. अनेक शक्यतांपैकी एकच प्रत्यक्षात का दिसते, यावर अजून वाद आहे. मात्र त्या वादातल्या बहुतेक मांडण्यांना जाणिवेची गरज पडत नाही. जाणिवेला मध्ये आणणारा सर्वांत मोठा शास्त्रज्ञ म्हणजे यूजीन विग्नर. त्याने १९६१ मध्ये ही बाजू मांडली खरी, पण पुढे स्वतःच ती सोडली. त्याचं नाव घेणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

२०२२ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलने ‘जग खरं नाही’ असं ठरवलं, हेही सांगितलं जातं. ते तसं नाही. मोजण्याआधीच गुणधर्म ठरलेले असतात आणि कोणताही प्रभाव प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही, ही दोन गृहीतकं एकत्र धरली की येणारे अंदाज प्रयोगात चुकतात, एवढंच त्या प्रयोगांनी दाखवलं. ‘जग मनात आहे’ हे त्यातून कुठेच निघत नाही.

जाणिवेचा मुद्दा जास्त दमदार आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सने १९९५ मध्ये ज्याला ‘कठीण प्रश्न’ म्हटलं, तो आजही उभा आहे: चेतापेशींच्या हालचालींसोबत वेदनेचा अनुभव मुळात का असतो? जडवाद्यांकडे याचं समाधानकारक उत्तर आहे असं मला वाटत नाही. पण समोरच्याचं उत्तर अपुरं असल्याने आपलं बरोबर ठरत नाही. चिद्वाद्यालाही असाच एक प्रश्न छळतो. मुळात चैतन्य एकच असेल, तर माझा दात दुखताना तुम्हाला काहीच का जाणवत नाही? आणि भुलीच्या औषधाची नेमकी मात्रा दिली की अनुभव विझतो, तो का? या प्रश्नांना उत्तरं देता येतील, पण ती युक्तिवादानेच द्यावी लागतील.

‘चिद्वाद म्हणजे धर्म’ या दाव्याला तर इतिहासच आडवा येतो. विज्ञानवादी बौद्धांनी (इथे ‘विज्ञान’ म्हणजे जाणीव, सायन्स नव्हे) बाह्य वस्तू नाकारली आणि जगत्कर्ता ईश्वरही नाकारला. शोपेनहॉएर आणि मॅकटॅगार्ट हे पाश्चात्त्य तत्त्वज्ञ दोघेही चिद्वादी, दोघेही निरीश्वरवादी. उलट, स्टोइक या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचा ईश्वर शरीररूपच होता. आणि ज्यांचं नाव या चर्चेत हटकून येतं त्या शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात विज्ञानवादाचं खंडन केलं आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे: खांब किंवा भिंत पाहताना कुणालाही ‘मी ज्ञान पाहतो आहे’ असं वाटत नाही, दिसतो तो ज्ञानाचा विषय असलेला खांब. जागृती स्वप्नासारखी नाही, कारण स्वप्नातलं जाग आल्यावर बाधित होतं, म्हणजे खोटं ठरतं, हेही ते तिथेच सांगतात. ‘सगळं मनाचा खेळ’ या वाक्यावर त्यांची सही घेऊ पाहणाऱ्यांनी हा भाग वाचलेला दिसत नाही.

आता नीती. विश्वचैतन्य नसेल तर बरं-वाईट ही फक्त ज्याची त्याची आवड उरते, असं सांगितलं जातं. इथे प्लेटोच्या सॉक्रेटिसाने विचारलेला जुना प्रश्न पुन्हा विचारावा लागतो: देवांना आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवांना आवडतं? देवांच्या जागी विश्वचैतन्य ठेवा, पेच तोच राहतो. त्या चैतन्याच्या इच्छेनेच क्रौर्य वाईट ठरत असेल, तर तीही एक आवडच झाली, फक्त फार मोठ्या मनाची. आणि क्रौर्य वाईट आहे हे ते चैतन्य ओळखत असेल, तर वाईटपणा त्याच्या इच्छेआधीच ठरलेला आहे.

‘आपण सारे एकच, म्हणून दुसऱ्याला दुखावणं म्हणजे स्वतःलाच दुखावणं’ हे वाक्य मनाला भिडतं. शोपेनहॉएरने १८४० मध्ये करुणेचा पाया या एकत्वातच शोधला होता. तरीही मला ते पटत नाही. एकत्वाचा हवाला दिला की मारणाराही तेच चैतन्य आणि मार खाणाराही तेच. मग त्यातल्या एकाला दोषी का धरायचं, हे त्या एकत्वातून सांगता येत नाही. शिवाय कुणाला मारू नये याचं कारण ‘तो शेवटी मीच आहे’ हे असेल, तर ती स्वतःचीच काळजी झाली. समोरचा माणूस कळवळतो तेव्हा दुखतं ते त्याला. तो माझ्याहून पूर्ण वेगळा असला, तरीही हात आवरायला तेवढं कारण पुरतं.