‘आत्यांना कुणी विचारलं होतं का?’ एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

पक्षाघातानंतर आत्याला आम्ही रिहॅब सेंटरमध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात ठेवलं, त्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं, कारण ते रागाच्या भरात लिहिलं होतं. बाकीच्यांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. घरात चार धडधाकट माणसं असताना 78 वर्षांच्या आत्याला आम्ही रिहॅब सेंटरमध्ये ‘टाकलं’. फिजिओ घरीही येतो. हे बाहेरून आलेलं फॅड आहे. माझा लेख जाहिरातीसारखा वाटतो. आणि शेवटी, आत्यांना कुणी विचारलं होतं का?

तुम्ही सासूबाईंचं दोन वर्षं घरी सगळं केलंत, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. पण ‘टाकलं’ हा शब्द लागला.

आत्याला पक्षाघाताचा झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला तेव्हा आम्ही तिला घरीच आणलं होतं. मूळ लेखात हे मी एका ओळीत उरकलं, ते चुकलंच. शनिवार पेठेत दुसरा मजला, लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून चौघांनी वर नेली. पुढचे सहा दिवस आम्ही तिच्यासाठी रात्रीचा दिवस केला, आणि जवळजवळ सगळंच चुकीचं केलं. वहिनी तिला आडवं ठेवूनच चमच्याने चहा पाजायची, ठसका लागला की पाठ थोपटायची. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात, पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! दादा तिला उठवताना उजव्या हाताला धरून ओढायचा. लुळ्या हाताचा खांदा जागच्या जागी धरून ठेवणारे स्नायूच ढिले पडलेले असतात, ओढलं की हाड खोबणीतून खाली सरकतं. ती कळवळायची, आणि आम्हाला वाटायचं आजारपणाचंच दुखणं आहे. मी तर तिला काहीच करू देत नव्हते. तिने डाव्या हाताने वाटी ओढली की म्हणायचे, “असू दे गं, मी भरवते.”

घरी फिजिओ यायचे. रोज 45 मिनिटं, मनापासून करायचे. उरलेले सव्वातेवीस तास आत्या पलंगावर. झटक्यानंतर सगळ्यात वेगाने सुधारणा होते ती पहिल्या तीन महिन्यांत. नंतरही होते, पण वेग कमी होतो. त्यातले पंधरा दिवस गेलेच होते. शेवटी त्या फिजिओंनीच सांगितलं की हिच्याकडून दिवसाचे निदान तीन तास करवून घ्यायला हवं, स्पीच थेरपीही हवी, आणि ते माझ्या एका फेरीत होणार नाही.

सेंटरमध्ये आत्याला कुणी भरवलं नाही. उजव्या मुठीत जाड दांड्याचा चमचा, त्यावर थेरपिस्टचा हात आणि समोर मऊ भात. सहा घासांना 40 मिनिटं लागली. मी दारात उभी होते, न राहवून आत जायला निघाले. त्या मुलीने मान वर न करता नुसत्या हाताने मला थांबवलं. सातवा घास पदरावर सांडला. आत्याने तो डाव्या हाताने गोळा करून ताटाच्या कडेला ठेवला आणि पुन्हा चमच्याकडे बघितलं. तो पदर मी अजून विसरलेले नाही.

वाचेचंही सांगते. ‘पाणी’ हा शब्द तिला सापडत नव्हता. स्पीच थेरपिस्टने विचारलं, या आधी काय करायच्या? म्हटलं, मनपाच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. दुसऱ्या दिवशी तिने आत्यासमोर फक्त ‘बे एके बे’ म्हटलं, आणि आत्या ‘बे दुणे चार, बे त्रिक सहा’ करत थेट ‘बे दाहे वीस’ला पोचली, अगदी वर्गात म्हणायची त्या सुरात! शब्द हरवले तरी पाठ झालेलं, ओळीने येणारं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं, आणि थेरपीची सुरुवात तिथून करता येते. ‘पाणी’ यायला पुढे वीस दिवस लागले. सेंटरमध्ये वहिनी आणि मी आळीपाळीने रोज जात होतो, आणि उठवायचं कसं, ठसका लागू नये म्हणून पाणी घट्ट करायची पावडर किती घालायची, हे तिथेच शिकलो.

फॅड म्हणाल, तर वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे, आणि खडकीत मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. जवानाला पुन्हा उभं करायला माणसं लागतात हे पुण्याला तेव्हापासून माहीत आहे. घरातल्या म्हातारीच्या बाबतीत ते आपल्या मनात येत नाही, एवढंच.

जाहिरातीचा आरोप मात्र मान्य. पैशांचं मी लिहिलंच नव्हतं. दिवसाला 4,500 रुपये, 35 दिवसांचे 1,57,500, औषधं आणि डायपर वेगळे. विमा कंपनीने क्लेम नाकारला. आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकींमध्ये ‘रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर’ असं कलम असतं, त्यावर बोट ठेवून. ते कलम मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी आणि निव्वळ देखभालीसाठी झालेल्या भरतीबद्दल आहे. आत्या तिथे विश्रांतीला गेली नव्हती, आम्ही दाद मागितली आहे. आत्याची पेन्शन आणि दादाची मोडलेली एफडी नसती तर आम्हाला हे जमलं नसतं. ज्यांना जमत नाही त्यांनी कमी प्रेम केलं, असा अर्थ माझ्या लेखातून निघाला असेल तर माझी चूक झाली.

आणि टाच. सेंटरमधल्या बाराव्या दिवशी मी आत्याचा मोजा काढला, तर उजव्या टाचेवर रुपयाएवढा काळपट डाग. तिथले लोक तिची कूस बदलत होते, पण टाच गादीवर टेकलेलीच राहायची. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची असते, ती कुणी ठेवली नव्हती. सांगितलं तर ‘किरकोळ आहे’ म्हणाले. किरकोळ नव्हतं. आठ दिवस तिला उभं करता आलं नाही, जखम भरायला महिना गेला. एवढं मोठं मी गाळलं, कारण आपला निर्णय बरोबरच होता असं मला लोकांना दाखवायचं होतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, आम्ही तिला विचारलं नाही. ती बोलू शकत नव्हती म्हणून आम्ही गृहीत धरलं की तिला समजतही नसेल. तिला सगळं समजत होतं. सेंटरमध्ये पहिले तीन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती.

काल तुमची प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली. आता ती काठी घेऊन चालते, जिना चढताना डावा पाय आधी टाकते, उतरताना उजवा. वाक्यं अजून तुटक आहेत. ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बरोबर... बाई. विचारायचं... मला.” मी मान खाली घातली. पुन्हा जाशील का, असं विचारलं, तर लगेच म्हणाली, “जाईन. सांगून... न्या.”

मग तिने पायाकडे बोट दाखवलं. “टाच... लिहिलीस?”

नाही, म्हटलं.

“लिही.”

मूळ लेखात आज टाचेबद्दलचा आणि खर्चाचा परिच्छेद घातला आहे.