जुनं मशीन बदलायचंय? आधी ते वर्षाला किती तास चालतं ते सांगा

'मशीन पंधरा वर्षांचं झालं, आता बदलून टाकू, वीजही वाचेल आणि कार्बनही कमी होईल.' व्यवसाय लहान असो की मोठा, हे वाक्य हल्ली सगळीकडे ऐकू येतं. माझं मत थोडं वेगळं आहे. मशीनचं वय हा या हिशोबातला सगळ्यात कमी कामाचा आकडा आहे. ते वर्षाला किती तास चालतं आणि किती लोडवर चालतं, हे आधी विचारा.

मोटरचंच घ्या. जगातल्या एकूण विजेपैकी ४० टक्क्यांहून जास्त वीज मोटरवर चालणारे पंप, पंखे, कॉम्प्रेसर वगैरे खातात. साडेसात किलोवॉटची, चार पोलची (मिनिटाला साधारण दीड हजार फेरे घेणारी) आयई१ दर्जाची मोटर (आयई हा कार्यक्षमतेचा दर्जा, पुढचा आकडा मोठा तितकी मोटर चांगली) पूर्ण लोडला ८६ टक्के कार्यक्षम असते, तर आयई४ दर्जाची ९२.६ टक्के. फरक किरकोळ वाटतो. पण तेवढ्याच कामासाठी जुनी ८.७२ किलोवॉट ओढते आणि नवी ८.१०. वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या मोटरवर साधारण ३,७०० युनिट वाचतात. वीज कोळशावरची असेल तर एका युनिटमागे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास. हीच मोटर वर्षाला ५०० तासच चालत असेल तर बचत जेमतेम ३१० युनिटांची. तिला हात लावू नका, चालतेय तोवर चालू द्या. वय दोघींचं सारखंच असेल, तरी निर्णय उलटा येतो.

आता यातली एक मेख, जी कोटेशनमध्ये कधीच लिहिलेली नसते. जास्त कार्यक्षम मोटर सहसा थोडी जास्त वेगाने फिरते. जुनी १,४४० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) चालत होती, नवी १,४६५ ला चालते. पंखा आणि सेंट्रिफ्युगल (फिरत्या पात्यांनी पाणी फेकणारा) पंप यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग पावणेदोन टक्के वाढला की लोड पाच टक्क्यांहून जास्त वाढतो. मोटर बदलून मिळणारी बचत सात टक्के, त्यातले पाच इथेच गेले! पंखा थोडी जास्त हवा फेकतो, ती कुणाला नको असते, आणि बिल आलं की 'नव्या मोटरने काही फरक पडला नाही' असं म्हणायला सगळे मोकळे. बेल्टवर चालणारा पंखा असेल तर पुली बदलून हे सुटतं, पण ते कुणीतरी करायला हवं.

हाच घनाचा नियम आपल्या बाजूनेही वापरता येतो. कित्येक पंप पूर्ण वेगाने चालतात आणि पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असतो. एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर ठेवून गाडी चालवण्याचाच हा प्रकार. तिथे व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावून वेग २० टक्के कमी केला तर लागणारी शक्ती निम्म्यावर येते. (पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर इतकी बचत होत नाही, हेही विकणारा सांगत नाही.) अशा ठिकाणी जुन्या मोटरला व्हीएफडी लावणं हे नवी मोटर घेऊन व्हॉल्व्ह तसाच अर्धा बंद ठेवण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं. फक्त मोटरचं इन्सुलेशन व्हीएफडीला चालेल का ते आधी तपासून घ्या.

कॉम्प्रेसरबाबत तर मी आणखी हट्टी आहे. देखभाल नीट नसेल तर तयार केलेल्या हवेतली २० ते ३० टक्के हवा पाइप, जॉइंट, कपलिंगमधून गळून जाते. नवा महागडा कॉम्प्रेसर आणून तीच गळती भरत बसण्यात काय अर्थ? सुट्टीच्या दिवशी सगळी कामं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि तो किती वेळ लोड घेतो, म्हणजे हवा दाबायला लागतो, ते घड्याळ लावून बघा. हवा कुणी वापरत नसताना घेतलेला प्रत्येक लोड म्हणजे गळती. ती बंद केली, प्रेशर एक बारने कमी केलं (त्यातून साधारण सहा-सात टक्के वीज वाचते), की बऱ्याचदा लहान कॉम्प्रेसरवर भागतं. आधी गळती, मग खरेदी.

दिव्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. तांब्याच्या चोकवाल्या ट्यूब अजून रोज तासन्तास जळत असतील तर आजच बदला.

लॅपटॉपचं मात्र अगदी उलटं. त्याच्या आयुष्यभराच्या कार्बनपैकी बहुतांश कार्बन तो तयार होतानाच बाहेर पडलेला असतो, वापरातली वीज थोडीच. 'पर्यावरणासाठी' दर तीन वर्षांनी ऑफिसचे लॅपटॉप बदलणं हा शुद्ध विनोद आहे. बॅटरी बदला, रॅम वाढवा, पुढे चालवा.

मग जिथे बदल खरंच परवडतो तिथेही तो का होत नाही? कारण मोटर घेतो खरेदी विभाग आणि वीजबिल भरतं दुसरंच खातं. सतत चालणाऱ्या मोटरच्या एकूण खर्चात खरेदीची किंमत दोन-चार टक्के असते, बाकी जवळजवळ सगळी वीजच. तरी भांडण त्या दोन-चार टक्क्यांवर. आणि मोटर जळते ती नेमकी ऑर्डरच्या गर्दीत. मग मिळेल तिथे घाईत रिवाइंड करून (जळलेली तार काढून नवी गुंडाळून) घेतात, काम निकृष्ट झालं की कार्यक्षमता आणखी घसरते आणि ती पुढची दहा वर्षं फिरत राहते. म्हणून जास्त तास चालणाऱ्या मोटरींची यादी आत्ताच करा आणि कुठली जळली तर रिवाइंड न करता कुठली नवी आणायची ते तिच्यासमोर लिहून ठेवा.

राहिला जुन्या मशीनचा प्रश्न. ते चालू स्थितीत दुसऱ्याला विकलं तर आपलं बिल उतरतं, धूर मात्र पत्ता बदलून तिथे निघतो. अहवालात ही बचत म्हणून मिरवू नये, असं माझं मत. एसी आणि चिलरचं तर त्याहून वाईट. आर-२२ हा जुन्या एसीत थंडाव्यासाठी भरलेला गॅस, तो एक किलो हवेत सोडला की तो १०० वर्षांच्या हिशोबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. दोन किलो सोडला की वरच्या मोटरची वर्षभराची बचत संपली. त्यामुळे जुनं युनिट भंगारात देताना नळी कापू देऊ नका. गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायला लावा आणि किती किलो निघाला, ते बिलावर लिहून घ्या.