दादाने फक्त विचारलं होतं

परवा एकाने मेसेज केला, ताई तुम्ही गांजाचं समर्थन करता का. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, सातपूर एमआयडीसीत कामाला होता. त्याला एचआयव्ही आहे, २००६ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांवर आहे. तेव्हा सरकारी औषधांत स्टॅव्हुडीन असायची, त्या गोळ्यांनी जीव वाचला हे शंभर टक्के खरं पण पायाच्या नसा गेल्या त्या गेल्याच. आता रोज टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली एक गोळी, व्हायरस रिपोर्टमध्ये सापडत नाही, सगळं छान. आणि रात्री तळपाय असे पेटतात की चादरीचा स्पर्श नको होतो, ओला टॉवेल गुंडाळून बसून राहतो, डोळा लागतो तोवर पहाट होते. नसांच्या दुखण्यावरची ॲमिट्रिप्टिलिन झाली, प्रेगाबालिन झाली, थोडा आराम पडतो पण दिवसभर गुंगी.

कुठेतरी वाचून त्याने एका डॉक्टरांना विचारलं, यावर गांजापासूनचं औषध असतं का हो? तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, आता हे पण व्यसन लावून घेणार का. दादा मान खाली घालून घरी आला आणि त्यानंतर त्याने पायाचं दुखणंच सांगायचं बंद केलं, माझा जीव तुटतो तो इथे.

कारण त्याने चुकीचं काय विचारलं? गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं मुख्य द्रव्य, लॅबमध्ये बनवून त्याची कॅप्सूल, ड्रोनॅबिनॉल, अमेरिकेत १९९२ मध्येच एड्समुळे भूक मेलेल्या, वजन उतरलेल्या पेशंटसाठी मंजूर झाली. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांचा अभ्यास आला, एचआयव्हीमुळे नसा दुखणाऱ्या ५० जणांवर. गांजा दिलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांचं दुखणं ३० टक्क्यांहून जास्त कमी झालं, टीएचसी काढून टाकलेल्या सिगारेटी ओढणाऱ्यांत २४ टक्के लोकांचं. अभ्यास लहान होता, पाचच दिवसांचा. पण दुखणाऱ्याला आशा वाटावी एवढा नक्कीच.

आणि हो, कोणी पुडी आणायला जाऊ नका. त्यात बुरशी असू शकते, प्रतिकारशक्ती कमी असेल तर फुफ्फुसांना ती महागात पडते, धूर वेगळाच. गुन्हा आहे तो आहेच. व्हायरसवर याचा काही उपाय नाही, एआरटी एक दिवस चुकवायची नाही.

माझं मागणं एवढंच की आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही वैद्यकीय आणि संशोधनाच्या वापराला वाट ठेवलेली आहे, २०२० मध्ये यूएनमध्ये गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायच्या बाजूने भारताने मत दिलंय, मग मोजून मापून, प्रिस्क्रिप्शनवर, डॉक्टरांच्या नजरेखाली हे औषध दादासारख्यांना मिळावं यावर आपल्याकडे नीट बोलायला काय हरकत आहे? कुंभात साधूंच्या चिलमी आपण नाशिककरांनी लहानपणापासून पाहिल्यात, त्यांना कोणी ओरडत नाही.

पुढच्या महिन्यात दादाची डॉक्टरांकडची तारीख आहे. यावेळी मी सोबत जाणार आहे, पायाचं मीच सांगणार.