थिन फिल्म शिकलेल्या मुलांनी क्वांटमची वाट धरावी

सोलापुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या मुलांसमोर क्वांटम तंत्रज्ञानाचा विषय निघाला, की हे मोठ्या शहरांतल्या हुशार मुलांचे काम, असे ती परस्पर ठरवून टाकतात आणि बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागतात. याचे मला फार वाईट वाटते. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले आणि त्यातील चार केंद्रांपैकी आयआयटी दिल्लीचे केंद्र खास क्वांटम पदार्थ व उपकरणांसाठी आहे.

क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा मूळ घटक. अतिवाहक (अतिथंड तापमानात विजेला विरोध न करणाऱ्या) पदार्थाच्या क्युबिटचा गाभा म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये एखाद-दोन नॅनोमीटर जाडीचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा. तो एकसारखा बसला नाही, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. असे अतिशय पातळ थर, म्हणजेच थिन फिल्म, चढवण्याचे काम आपल्या मुलांना नवे नाही. सिलार या रासायनिक द्रावणांतून थर चढवण्याच्या पद्धतीत काचपट्टी एका बीकरमधून दुसऱ्या बीकरमध्ये पुन्हा पुन्हा बुडवत, कॅडमियम सल्फाइडचा पिवळा रंग हळूहळू चढताना ज्याने पाहिला आहे आणि नंतर एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीच्या, आलेखावरून नमुना कुठे बिघडला हे शोधले आहे, त्याच्याकडे या क्षेत्राला लागणारी चिकाटी आधीच आहे. निर्वात यंत्रे, लिथोग्राफी (पृष्ठभागावर सूक्ष्म आकृत्या उमटवण्याचे तंत्र) आणि केल्विनच्या हजाराव्या भागांत मोजावे लागणारे तापमान हे मात्र त्याला नव्याने शिकावे लागेल.

पीएच.डी. झालेल्यांबद्दल मला अधिक कळकळीने सांगावेसे वाटते. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवत कायम जागेची वाट पाहण्यापेक्षा, वय हातात आहे तोवर दोन वर्षांची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप मिळवावी आणि आपण शिकलेली थिन फिल्म प्रत्यक्ष उपकरणात उतरवणाऱ्या गटात काम करावे. तिथे मार्गदर्शकाची संमती आधी घ्यावी लागते, म्हणून त्या गटाचे अलीकडचे शोधनिबंध वाचून, आपण नेमके काय करू शकतो हे सांगणारा ईमेल स्वतःच लिहावा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये.

विद्यार्थ्यांसाठी विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. तिचे अर्ज साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे नेमके आपल्याकडे सत्र परीक्षांच्या धामधुमीत भरावे लागतात आणि त्यासाठी शिक्षकांचे शिफारसपत्रही लागते. म्हणून महाविद्यालयांतील विभागप्रमुखांना माझी विनंती आहे, की दिवाळीच्या सुट्टीआधीच इच्छुक मुलांची यादी करावी आणि त्यांची पत्रे तयार ठेवावीत.