लंडन ‘केलं’ का?

परत येऊन पंधरा दिवस झाले. भेटेल तो विचारतोय, “काय मग, लंडन केलं का?” पाठोपाठ यादी येते. लंडन आय? नाही. मादाम तुसाँ? नाही. बकिंगहॅम पॅलेसच्या पहारेकऱ्यांची बदली? तीही नाही. मग समोरच्याचा चेहरा उतरतो आणि “अरेरे, मग आठ दिवस केलंत काय?” असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर नाशिकच्या कॉलेज रोडवर भाजी घेता घेता देता येत नाही, म्हणून इथे लिहिते. पोस्ट लांब आहे, पण यंदा उन्हाळ्यात जे जायच्या विचारात आहेत त्यांनी तरी वाचा.

हे ‘केलं’ मला खुपतं. दुबई केलं, सिंगापूर केलं, युरोप केला. मी स्वतः सहा वर्षांपूर्वी एका टूर कंपनीबरोबर युरोप ‘केला’ होता. अकरा दिवस, सात देश. पॅरिसमध्ये आयफेल टॉवरसमोर बस थांबली आणि “वीस मिनिटं, फोटो काढा आणि परत या” अशी सूचना झाली. त्या वीस मिनिटांतली बारा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. पैसे साठवायला मला चार वर्षं लागली होती. घरी आल्यावर फोटो बघताना कुठलं चर्च कुठल्या गावातलं हेही सांगता येईना. तेव्हा वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

यावेळी ठरवलं, एकच शहर आणि बरोबर एकच मैत्रीण. आमची मैत्री पंचवटीतल्या शाळेपासूनची. ती पुढे शाळेतच इतिहास शिकवायला लागली, मी बँकेत चिकटले. दोघीही आता निवृत्त. व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देणं, तिकिटं काढणं, राहायची खोली शोधणं, सगळं आमचं आम्ही केलं. घरच्यांच्या जेवणाचं काय होईल ही काळजी पहिले दोन दिवस टिकली. त्यांचं व्यवस्थित चाललं होतं.

पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं, ब्रिटिश म्युझियममध्ये. माझ्याकडे यादी होती: रोझेटा शिळा, इजिप्तच्या ममी, ग्रीकांची शिल्पं, आणि दुपारी दोनला बाहेर. तिनं रोझेटा शिळा पाहिली आणि अमरावतीच्या दालनात गेली ती तिथेच राहिली. अमरावती म्हणजे आपली विदर्भातली नव्हे, आंध्रातली, कृष्णाकाठची. तिथल्या बौद्ध स्तूपाच्या शंभराहून जास्त कोरीव शिळा लंडनमध्ये आहेत. पांढरट चुनखडीच्या. मी दोनदा बोलवायला गेले, तिसऱ्यांदा आवाज चढला. “अगं, चार दगड बघायला इतक्या लांब आलो का आपण?” असं मी बोलून गेले.

ती शांतपणे म्हणाली, “पांडवलेणी किती वेळा चढलीस?”

मी म्हटलं, असंख्य वेळा. सकाळच्या फिरण्याला, पावसाळ्यात, पाहुणे आले की.

“तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख बघितलास?”

नाही बघितला. नाशिकमध्ये पन्नासहून जास्त वर्षं काढली, तरी नाही. मग तिनं तिथेच बाकावर बसून सांगितलं. नाशिकच्या लेण्यात जिचा लेख आहे ती आई, आणि ज्या मुलाचं ती कौतुक करते तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं त्या लेखात म्हटलंय. त्याच सातवाहनांच्या अमलात अमरावतीचा तो स्तूप वाढला. म्हणजे आमच्या पांडवलेण्यांच्या त्रिरश्मी डोंगरावर छिन्नी चालत होती त्या सुमाराला तिकडे कृष्णाकाठीही चालत होती, राज्य एकाच घराण्याचं. हे ऐकून मी पुन्हा त्या शिळांपुढे जाऊन उभी राहिले. एका शिळेवर बायका गुडघे टेकून वाकलेल्या होत्या. एकीच्या कमरपट्ट्याचा मणी न् मणी वेगळा दिसत होता, पाठीवरची वेणी सुटलेली. माझ्या यादीत हे दालनच नव्हतं.

त्या रात्री खोलीवर चिवड्याचा पुडा फोडला आणि ठरवलं, दिवसाला दोनच जागा. सकाळी एक तिच्या आवडीची, दुपारी एक माझ्या आवडीची. कंटाळा आला तर दोन तास वेगळ्या वाटेनं जायचं, ठरल्या जागी भेटायचं, राग धरायचा नाही. दोघींनी जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हा करार घरून निघायच्या आधीच करा. मैत्रिणी चोवीस तास एकमेकींना चिकटून राहिल्या की चहा किती वाजता घ्यायचा यावरूनही खटके उडतात.

नदीकाठचा दिवस माझ्या वाट्याचा होता. थेम्सच्या दक्षिण काठानं चालत होतो. एके ठिकाणी दगडी पायऱ्या थेट पात्रात उतरत होत्या. ओहोटी होती. खाली गोटे, चिखल, विटांचे घासून गोल झालेले तुकडे. मातीच्या चिलमीच्या नळीचा एक पांढरा तुकडा बोटाच्या पेराएवढा, मध्ये सुईचं भोक जावं तसं आरपार भोक. वाकून बघितला, उचलला नाही, कारण परवान्याशिवाय तिथून काही उचलायला बंदी आहे. मग मैत्रिणीनं भिंतीकडे बोट दाखवलं. आमच्या डोक्याच्या कितीतरी वर शेवाळाची हिरवी रेघ होती. भरतीचं पाणी तिथवर येतं. लंडन ब्रिजपाशी भरती-ओहोटीतला फरक सात मीटरपर्यंत जातो, आणि हे दिवसातून दोनदा.

दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, “दुतोंड्या मारुती!”

गोदावरीच्या पात्रातली ही मारुतीची मूर्ती नाशिककरांना समजावायला नको. पूर किती हे आपण फुटात किंवा क्युसेकमध्ये विचारतच नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, छातीला आलं का, असं विचारतो. त्यावर गेलं तर काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला लागलं का. आईच्या तोंडून १९६९ च्या महापुराच्या गोष्टी ऐकत मी लहानाची मोठी झाले. थेम्सकाठी त्या ओल्या पायरीवर बसून आम्ही अर्धा तास गोदावरीबद्दलच बोललो.

आणि इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय. लंडनची नदी पाहून “बघा, त्यांची किती स्वच्छ आणि आपली...” असं म्हणणारे खूप भेटतात. ती आधीपासून स्वच्छ नव्हती. १८५८ च्या उन्हाळ्यात तिला इतकी दुर्गंधी सुटली की काठावरच्या पार्लमेंटात बसणं मुश्कील झालं. मग जोसेफ बाझलगेट नावाच्या इंजिनिअरच्या हाती शहराखालची मोठी गटारं बांधायचं काम आलं. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५७ मध्ये, तिथल्याच नॅचरल हिस्टरी म्युझियमनं ही नदी जैविकदृष्ट्या मेलेली आहे असं जाहीर केलं. आज त्याच पात्रात मासे आहेत, सील येतात. तरी जोराचा पाऊस झाला की सांडपाणी नदीत जायचंच, म्हणून नुकताच पंचवीस किलोमीटरचा आणखी एक बोगदा, बराचसा नदीच्याच खालून, काढला. हे सगळं पैसे, कायदा आणि पिढ्यान् पिढ्यांच्या चिकाटीनं झालं. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते रुंद होतील, घाट रंगतील. रामकुंडाच्या वर नदीला मिळणाऱ्या नाल्यांचं काय, हा प्रश्न आपण सगळ्यांनी विचारत राहायला हवा. मला हे लंडनच्या पायरीवर बसून जितकं टोचलं तितकं गोदाघाटावर कधी टोचलं नव्हतं.

ग्रिनिचचं थोडक्यात सांगते. शून्य रेखांशावर दोन्हीकडे पाय ठेवून फोटो काढायला मोठी रांग असते. आम्ही रांगेत उभ्या राहिलो नाही. वेधशाळेच्या फाटकाबाहेर चोवीस आकड्यांचं जुनं घड्याळ आहे, १८५२ सालचं, ते बघत बसलो. फोनमध्ये बारा वाजलेले, घड्याळात अकरा. बंद पडलंय असं वाटलं. मग उमगलं, उन्हाळ्यासाठी सगळ्या देशानं घड्याळं तासभर पुढे केलीत, पण हे घड्याळ बारा महिने ग्रिनिचची मूळ वेळच दाखवतं. तिथून उतरून नदीखालच्या पायी बोगद्यातून पलीकडे गेलो. १९०२ चा बोगदा, पांढऱ्या टाइल्सचा, आणि डोक्यावरून नदी वाहतेय. लिफ्ट चालू होती म्हणून मैत्रिणीचे गुडघे वाचले.

शेवटून दुसरा दिवस मात्र दोघींनी मिळून राखून ठेवला होता. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना इथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. बाहेरून पाहिलं तर रांगेतल्या इतर घरांसारखंच. भिंतीवर निळी गोल पाटी नसती तर पुढे निघून गेलो असतो. या शहरात त्यांनी अर्थशास्त्र शिकलं, बॅरिस्टर झाले, रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

तिथे उभं राहिल्यावर आमच्या मनात पंचवटीच आली. माझं बालपण काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत गेलं. रामनवमीला त्याच दारातून कितीदा आत पळत गेले असेन. त्याच दारापुढे २ मार्च १९३० ला, जगातल्या उत्तम विद्यापीठांत शिकून आलेल्या या माणसाच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, आणि दारं बंद राहिली. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, “हिंदू म्हणून मरणार नाही” ही घोषणा झाली. मैत्रीण वर्गात हे तीस वर्षं शिकवत होती. तरीही ती त्या घराच्या पायरीशी बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “हे घर आधी बघितलं असतं तर मी तो धडा वेगळा शिकवला असता.” आपल्याकडून लंडनला जाणाऱ्या प्रत्येकानं अर्धा दिवस या घरासाठी ठेवावा, हे मी आग्रहानं सांगते.

कुणी म्हणेल, इतक्या लांब जाऊन नाशिकच आठवत बसलात? हो, बसलो. त्यामुळेच ते शहर आम्हाला कळलं. बिग बेन हे मनोऱ्याचं नाव नाही, आतल्या घंटेचं आहे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण मैत्रीण म्हणाली, “आपण नाही का मंदिरालाही घंटेवरूनच ओळखत!” तेव्हापासून ते डोक्यात पक्कं बसलं. आमची नारोशंकराची घंटा वसईच्या विजयातली, पोर्तुगीजांकडून आलेली. कुणाची तरी घंटा गोदाकाठी आली, अमरावतीच्या शिळा थेम्सकाठी गेल्या. यावर आम्ही डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून एक अख्खी संध्याकाळ बोललो.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: मोठी सरकारी संग्रहालयं फुकट आहेत, त्यामुळे एकाच ठिकाणी दोनदा जाता येतं, आम्ही गेलो. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवायचं. आम्ही गेलो तेव्हा पावणेदोन पौंड पडत होते आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर वेगळे पैसे नाहीत. मेट्रोपेक्षा बस निवडा, शहर दिसतं. बूट जुने, वापरलेले न्या. मेथीचे ठेपले चार दिवस छान टिकले.

शेवटच्या संध्याकाळी खोलीजवळच्या दुकानात ब्रेड घ्यायला गेलो तर फळांच्या कप्प्यात हिरव्या द्राक्षांचे प्लॅस्टिकचे डबे. मैत्रिणीनं सवयीनं लेबल डोळ्यांजवळ धरलं. बारीक अक्षरांत देशाचं नाव होतं, भारत. तिचं माहेर पिंपळगाव बसवंतचं, भावाची तीस वर्षांची द्राक्षबाग. तिनं दुकानाच्या दारातूनच त्याला फोन लावला. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, तो जागाच होता. भाव काय आहे हे तो विचारेल असं मला वाटलं. त्यानं विचारलं, “इतक्या लांब जाऊन गोडी राहिलीये का गं?”

तिनं तिथेच फुटपाथवर डबा उघडला, एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाली, “राहिलीये रे दादा.”